मानाची खुर्ची नको, मत हवं

अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयात एखादी मुलगी विद्यार्थी अध्यक्ष, म्हणजे विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष, म्हणून निवडून आली की तिला एक सल्ला सगळीकडून मिळतो. प्रशासन देतं, माजी विद्यार्थी देतात, घरची मंडळीही देतात: घरचं भांडण चव्हाट्यावर नेऊ नकोस. सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो आणि त्यामागे दीडशे वर्षांची भीती असते. या संस्थांना राज्य सरकारांनी सतत कमी पैसे दिले आणि मग पैसे पुरत नाहीत म्हणून त्यांच्याच कारभाराकडे बोट दाखवलं. अशा घराची वीट आपल्या हातून ढासळू नये असं कोणालाही वाटेल.

तरीही हा सल्ला चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. या महाविद्यालयांच्या इतिहासात विद्यार्थी मोठ्याने बोलले तेव्हा संस्था उभ्या राहिल्या, आणि ते गप्प बसवले गेले तेव्हा संस्थांनी स्वतःची अब्रू गमावली. आज विद्यार्थी अध्यक्षाला समारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते, पण निर्णयाच्या ठिकाणी मत बऱ्याच ठिकाणी नसतं. विश्वस्त मंडळात मताधिकार आणि त्या मताला लागणारे कागद, या दोन गोष्टी प्रत्येक कृष्णवर्णीय महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना द्यायला हव्यात.

अमेरिकेत या संस्थांना एचबीसीयू म्हणतात. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने त्यांची व्याख्या केली: १९६४ च्या आधी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचं शिक्षण हे मुख्य ध्येय असलेली संस्था. आज अशा सुमारे शंभर संस्था १९ राज्यांत, राजधानी वॉशिंग्टनमध्ये आणि व्हर्जिन बेटांवर आहेत. सर्वांत जुनी चेनी, १८३७ सालची. यादवी युद्धानंतर चर्च आणि मिशनरी संस्थांच्या पैशातून फिस्क (१८६६), मोरहाउस (१८६७), हॅम्प्टन (१८६८) यांसारखी खाजगी महाविद्यालयं निघाली. हॉवर्डची सनद १८६७ साली थेट अमेरिकी काँग्रेसने दिली. सरकारी महाविद्यालयांची गोष्ट वेगळी आहे. १८९० च्या कायद्याने राज्यांना सांगितलं की शेती आणि यंत्रविद्येच्या महाविद्यालयासाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर कृष्णवर्णीयांना त्यात प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी दुसरं काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी दुसरं काढलं आणि ते कायम अर्धपोटी ठेवलं.

खाजगी आणि सरकारी हा फरक विद्यार्थी नेत्याच्या बाबतीत किती जीवघेणा ठरला ते १९६० साली दिसलं. त्या वर्षी १ फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलायनातल्या ए अँड टी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची चार मुलं ग्रीन्सबरोमधल्या वुलवर्थच्या दुकानात फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खाण्याच्या काउंटरवर बसली आणि त्यांना कोणी वाढलं नाही. चारांचे काही दिवसांत शेकडो झाले. शेजारच्या बेनेट महाविद्यालयाच्या मुली त्यात मोठ्या संख्येने होत्या आणि महाविद्यालयाच्या अध्यक्ष, म्हणजे प्रमुख, विला प्लेअर त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. बेनेट खाजगी होतं. २५ जुलैला त्या काउंटरवर सर्वांना जेवण मिळू लागलं.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलची तयारी याहून शिस्तशीर होती, आणि तिचा एक धागा नागपूरला येतो. जेम्स लॉसन हा तरुण मेथडिस्ट मिशनरी म्हणून १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता आणि तिथे त्याने गांधींच्या सत्याग्रहाचा कसून अभ्यास केला. पुढे नॅशव्हिलमध्ये १९५९ च्या शरद ऋतूपासून एका चर्चच्या तळघरात त्याने फिस्क, टेनेसी स्टेट, मेहारी मेडिकल कॉलेज आणि अमेरिकन बॅप्टिस्ट या संस्थांमधल्या मुलांचे वर्ग घेतले. (वर्ध्याचाही एक धागा आहे. मोरहाउसचे पुढे २७ वर्षं अध्यक्ष राहिलेले आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू ठरलेले बेंजामिन मेज १९३६ च्या अखेरीस वर्ध्याला जाऊन गांधीजींशी बोलले होते.)

या वर्गांत भाषणं कमी, सराव जास्त असे. काही मुलं खुर्चीवर बसत, बाकीची गुंडांची भूमिका घेऊन त्यांना शिव्या देत, तोंडावर धूर सोडत, खाली ओढत. हात उचलायचा नाही आणि डोकं कसं झाकायचं, याची उजळणी होई. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये दोन मोठ्या दुकानांत चाचणी घेतली: आत जायचं, खरेदी करायची, काउंटरवर बसायचं, नकार मिळाला की व्यवस्थापकाशी बोलून निघायचं. १३ फेब्रुवारीला प्रत्यक्ष सत्याग्रह सुरू झाला तेव्हा १२४ विद्यार्थी होते. २७ तारखेला ८१ जणांना अटक झाली, आणि दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करायचा निर्णय झाला. त्याआधी आचरणाचे नियम लिहून मुलांमध्ये वाटले गेले होते: उलट मारू नका, शिवी देऊ नका, दार अडवू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, नेत्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. प्रत्येक महाविद्यालयाचे प्रतिनिधी मध्यवर्ती समितीत बसत. फिस्कची डायान नॅश त्यातूनच पुढे आली. १९ एप्रिलला आंदोलकांचे वकील लूबी यांचं घर स्फोटाने उडवलं गेलं, त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे चालत न्यायालयाच्या इमारतीपाशी गेले, आणि केवळ वर्णावरून भेदभाव करणं चूक आहे हे नॅशने महापौरांकडून सर्वांसमक्ष वदवून घेतलं. १० मेपासून शहरातल्या सहा दुकानांत काउंटर खुले झाले.

या सगळ्यात फिस्कचे अध्यक्ष स्टीफन राइट यांनी आपल्या विद्यार्थ्यांना जाहीर पाठिंबा दिला. ते तसं करू शकले, कारण त्यांचा पगार राज्यपालांच्या सहीने निघत नव्हता.

मँटगमरीतल्या अलाबामा स्टेट कॉलेजात नेमकं उलटं झालं. २५ फेब्रुवारीला काही विद्यार्थी न्यायालयाच्या इमारतीतल्या खाण्याच्या काउंटरवर गेले. राज्यपाल स्वतः शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. २ मार्चच्या बैठकीत नऊ जणांना काढून टाकायचं आणि वीस जणांना ताकीद देऊन ठेवायचं ठरलं. नोटीस नाही, आरोपपत्र नाही, बाजू मांडायची संधी नाही. महाविद्यालयाच्या कृष्णवर्णीय अध्यक्षांनी हुकूम तेवढा पोहोचवला. लुइझियानात बॅटन रूजच्या सदर्न विद्यापीठात विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षालाच काढून टाकण्यात आलं. दोन्ही संस्था सरकारी.

अलाबामाची मुलं न्यायालयात गेली. ४ ऑगस्ट १९६१ रोजी पाचव्या सर्किटच्या, म्हणजे दक्षिणेतल्या काही राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने डिक्सन खटल्यात निकाल दिला: सरकारी महाविद्यालय विद्यार्थ्याला गैरवर्तनाबद्दल काढणार असेल तर आधी नेमक्या आरोपांची नोटीस द्यावी, त्याच्याविरुद्ध कोण काय सांगतंय ते कळवावं आणि त्याचं म्हणणं ऐकावं. अमेरिकेतल्या कोणत्याही सरकारी विद्यापीठात आज शिस्तभंगाची सुनावणी होते तिचा पाया हा निकाल आहे. मिशिगन किंवा बर्कलीमध्ये शिकणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्यालाही तो लागू पडतो. ज्या नऊ मुलांनी हा हक्क मिळवून दिला त्यांच्या नोंदीवरचा ठपका राज्याने २०१८ साली पुसला. म्हणजे ५८ वर्षांनी.

आता ‘चव्हाट्या’च्या सल्ल्याकडे परत पाहू. त्या काळी फिस्कची आणि बेनेटची प्रतिष्ठा वाढली की सदर्नची? आज संस्था आपल्या माहितीपत्रकात कोणाची नावं अभिमानाने छापतात? ए अँड टीच्या आवारात त्या चौघांचा पुतळा आहे. विद्यार्थ्यांना शिस्त लावणाऱ्या अधिकाऱ्यांचे पुतळे कोणी उभारलेले नाहीत.

हा वाद १९६० पेक्षाही जुना आहे. फिस्कमध्ये १९२०च्या दशकात गोऱ्या अध्यक्षांनी विद्यार्थी परिषद बरखास्त केली होती, विद्यार्थ्यांचं नियतकालिक बंद पाडलं होतं, पेहरावापासून मुलामुलींच्या बोलण्यापर्यंत सगळ्यावर निर्बंध घातले होते. देणगीदारांना शिस्तीचं चित्र दाखवायचं होतं. फिस्कचेच माजी विद्यार्थी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९२४ च्या जूनमध्ये तिथे येऊन हे सर्वांसमोर मांडलं, पुढच्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांनी संप केला, आणि एप्रिल १९२५ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला. एका माजी विद्यार्थ्याने घरचं भांडण चव्हाट्यावर नेलं आणि त्यामुळे फिस्क बुडालं नाही. पुढे डायान नॅश घडली ती याच फिस्कमध्ये.

गप्प बसवण्याची किंमत मात्र रक्ताने मोजली गेली आहे. साउथ कॅरोलायना स्टेटमध्ये ८ फेब्रुवारी १९६८ रोजी महामार्ग पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तिघे गेले. जॅक्सन स्टेटमध्ये १५ मे १९७० रोजी दोघे. आणि सदर्नमध्ये १६ नोव्हेंबर १९७२ रोजी दोन विद्यार्थी मारले गेले. सदर्नच्या त्या आंदोलनाच्या मागण्या काय होत्या हे आज आवर्जून वाचावं: चांगल्या सोयी आणि विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग. त्या दोन मृत्यूंबद्दल कोणावरही खटला चालला नाही.

आजचा विद्यार्थी अध्यक्ष गोळ्यांना तोंड देत नाही. त्याचा ऑगस्ट महिना रांगेत जातो. या संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचं कुटुंब इतकं कमी कमावतं की त्यांना केंद्राचं पेल अनुदान मिळतं. अनुदान, कर्ज, शिष्यवृत्ती असे तुकडे जोडून फी भरली जाते. एखादा कागद पडताळणीत अडकला, वडिलांचं कर्ज नाकारलं गेलं किंवा शिष्यवृत्तीचा चेक उशिरा आला, तर खातं शिलकीत येत नाही. ठरलेल्या तारखेला संगणक अशा विद्यार्थ्यांची नावनोंदणी रद्द करतो. विद्यार्थी या प्रकाराला ‘पर्ज’ म्हणतात. नाव गेलं की वर्ग जातो, वर्ग गेला की वसतिगृहाची खोली जाते, आणि मुलगी सामानासकट रस्त्यावर येते. २०११ साली केंद्राने पालकांच्या कर्जासाठी पतचाचणी कडक केली तेव्हा या महाविद्यालयांनी हजारो विद्यार्थी गमावले.

अशा वेळी चांगला विद्यार्थी अध्यक्ष काय करतो? तो भाषण करत नाही. पर्जच्या तारखेच्या तीन आठवडे आधी तो अर्थसाहाय्य कार्यालयाकडून आकडा मागतो: किती खाती अडकली आहेत आणि कशामुळे. नावं त्याला मिळणार नाहीत, विद्यार्थ्यांच्या खाजगी माहितीचा कायदा आड येतो, पण कारणांनुसार संख्या मिळायला कायद्याची काहीच हरकत नाही. शंभरातली साठ खाती पडताळणीत अडकली असतील तर दोष विद्यार्थ्यांच्या गरिबीत नाही, कार्यालयातल्या मनुष्यबळात आहे. तिथे दोन तात्पुरते कर्मचारी नेमले तर प्रश्न सुटतो. तीस-पस्तीस खाती पाचशे डॉलरच्या आतल्या बाकीसाठी अडकली असतील तर आपत्कालीन निधीतून ती त्याच दिवशी मोकळी करता येतात. हा हिशेब मांडल्याशिवाय ‘पर्ज पुढे ढकला’ अशी घोषणा दिली तर तारीख एक आठवडा पुढे जाते आणि तीच मुलं पुन्हा त्याच रांगेत येतात.

वसतिगृहांचंही तसंच. दक्षिणेतल्या दमट हवेत जुन्या इमारती, थंड पाण्याच्या नळांवरचं कुजलेलं आवरण, उन्हाळाभर बंद ठेवलेली वातानुकूलन यंत्रणा, यांतून बुरशी येते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर सतत राहिली की भिंतीवर, गादीवर, कपाटात ती पसरते. तक्रार आली की भिंत पुसून रंग मारतात. तीन आठवड्यांत ती पुन्हा दिसते, कारण पाणी जिथून येतं तो नळ तसाच असतो. विद्यार्थी नेत्याने इथे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याच्या आधी नोंदवही करावी: इमारत, खोली, तक्रारीची तारीख, तक्रार क्रमांक, फोटो, काम ‘पूर्ण’ म्हणून बंद केल्याची तारीख, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी घेतलेला दुसरा फोटो. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कार्यालयाच्या अहवालात नव्वद टक्के तक्रारी मिटलेल्या दिसतात, आणि त्यातल्या किती परत आल्या ते फक्त या रकान्यात कळतं. इमारतीची व्यवस्था बाहेरच्या कंपनीकडे असेल तर तिच्याशी झालेल्या कराराची प्रत मागावी. दुरुस्तीची मुदत आणि दंड त्यात लिहिलेला असतो, किंवा लिहिलेलाच नसतो, आणि मग भांडण कोणाशी आहे ते स्पष्ट होतं.

हे दुखणं मुळात आलं कुठून, हे विद्यार्थी नेत्याला माहीत असलंच पाहिजे. नाहीतर तो फक्त आपल्या संस्थेच्या अध्यक्षांशी भांडत बसतो. १८९० च्या महाविद्यालयांना संशोधन आणि शेती-विस्तारासाठी केंद्राकडून जो पैसा मिळतो, त्याच्या जोडीला राज्याने तेवढाच पैसा घालायचा असतो. १८६२ च्या कायद्याने निघालेल्या, मुख्यतः गोऱ्यांच्या विद्यापीठांना राज्यं हा वाटा पूर्ण देतात, बहुतेकदा जास्तच. कृष्णवर्णीय संस्थांच्या बाबतीत मात्र अर्ध्या वाट्यापर्यंत सूट मागता येते. २०१० ते २०१२ या काळात अशा संस्थांपैकी ६१ टक्के संस्थांना राज्याचा पूर्ण वाटा मिळाला नाही, आणि त्यांचं सुमारे ५ कोटी ७० लाख डॉलरचं नुकसान झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि कृषिमंत्र्यांनी १६ राज्यपालांना पत्रं लिहिली. विद्यार्थ्यामागे होणारा खर्च समान धरला तर १९८७ ते २०२० या काळात या राज्यांनी आपल्या कृष्णवर्णीय विद्यापीठांना १२ अब्ज डॉलरहून जास्त कमी दिले, असं त्यांत म्हटलं होतं. एकट्या टेनेसी स्टेटचा आकडा २.१ अब्ज. डेलावेअर आणि ओहायो या दोन राज्यांना पत्र गेलं नाही, कारण त्यांनी समान पैसा दिला होता. म्हणजे हे करता येतं.

न्यायालयातूनही थोडं परत मिळालं आहे. मिसिसिपीत १९७५ साली सुरू झालेला खटला २००२ च्या ५० कोटी ३० लाख डॉलरच्या तडजोडीवर थांबला. मेरीलँडमध्ये २००६ चा खटला २०२१ साली ५७ कोटी ७० लाखांवर मिटला, तोही दहा वर्षांच्या हप्त्यांनी आणि चार विद्यापीठांत वाटून. खटला सुरू झाला तेव्हा पहिल्या वर्षात असलेला विद्यार्थी निकालापर्यंत तिशी ओलांडून गेलेला असतो.

आता कारभारातल्या मताचा प्रश्न. नॉर्थ कॅरोलायनात राज्य विद्यापीठाच्या प्रत्येक शाखेच्या विश्वस्त मंडळात विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष पदसिद्ध सदस्य असतो आणि त्याला मत असतं, त्यामुळे ए अँड टीच्या अध्यक्षालाही आहे. फ्लोरिडात हीच तरतूद राज्यघटनेत आहे, म्हणून फ्लोरिडा ए अँड एमच्या अध्यक्षाला मत आहे. टेनेसीत २०१६ च्या कायद्याने मंडळात विद्यार्थी बसवला पण मत दिलं नाही. हॉवर्ड खाजगी आहे. तिथे विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थ्यांचे विश्वस्त होते. जून २०२१ मध्ये मंडळाने ही पदंच रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्या ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांनी ब्लॅकबर्न हे विद्यार्थी केंद्र ताब्यात घेतलं, तंबू ठोकले आणि महिन्याहून जास्त काळ तिथे राहिले. दोनच गोष्टी त्यांच्या केंद्रस्थानी होत्या: वसतिगृहातली बुरशी आणि विश्वस्तांची पदं. या दोन मागण्या एकत्र आल्या हे मला फार बोलकं वाटतं. ज्या टेबलाशी बुरशीच्या दुरुस्तीचे पैसे ठरतात तिथून विद्यार्थी उठवला, तर तो तंबूत जाऊन बसणार. दुसरी जागा त्याला उरत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यात तडजोड झाली, पण तिचा पूर्ण मजकूर जाहीर झाला नाही. इथे २०१८ च्या आंदोलनाशी तुलना करायला हवी. त्या वर्षी अर्थसाहाय्यातला गैरव्यवहार बाहेर आला आणि विद्यार्थ्यांनी हॉवर्डची प्रशासकीय इमारत नऊ दिवस ताब्यात ठेवली. नऊ मागण्या होत्या. विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या राजीनाम्याची मागणी मान्य झाली नाही, पण विद्यार्थी आणि विश्वस्तांमध्ये लेखी बांधिलकी ठरली आणि ती सगळ्यांना वाचता आली. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ती हातात घेऊन विचारू शकत होता की यातलं काय झालं. गुप्त तडजोडीत ही सोय नसते. लेखी करारात प्रत्येक कामापुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद, तारीख आणि रक्कम हवी, काम न झाल्यास काय होणार ते हवं, आणि आंदोलनात सहभागी झाल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही हे कलम हवं. मागण्या पंचवीस असतील तर मंडळ त्यातल्या सोप्या वीस मान्य करतं आणि पैशाच्या पाच बाजूला ठेवतं. म्हणून मागण्या थोड्या ठेवाव्यात आणि पैशाच्या आधी लिहाव्यात.

मत मिळालं तरी ते एकटं पुरत नाही. निवडणूक मार्च-एप्रिलमध्ये होते, शपथ मेमध्ये. उन्हाळ्यात मंडळ अंदाजपत्रक संमत करतं तेव्हा नव्या अध्यक्षाला समितीचं नावही धड माहीत नसतं. ऑगस्ट पर्जमध्ये जातो, ऑक्टोबर होमकमिंगमध्ये, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक उत्सवात. विद्यार्थ्यांनी निवडलेल्या ‘राणी’च्या राज्याभिषेकाचा सोहळा, संगीताचा कार्यक्रम, माजी विद्यार्थ्यांचं आगतस्वागत यांत संघटनेचा वेळ आणि विद्यार्थी शुल्कातून आलेला पैसा दोन्ही खपतात. होमकमिंगला मी कमी लेखत नाही, माजी विद्यार्थी त्या आठवड्यात परत येतात आणि देणग्याही देतात. पण सगळी ताकद तिथे गेली की जानेवारी उजाडतो, अध्यक्षाला कारभार कळू लागतो, आणि पुढची निवडणूक दारात येते. प्रशासनाला हे चक्र पाठ असतं. अवघड प्रश्नावर एक अभ्यासगट नेमला की वर्ष निघून जातं.

यावर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. निवडून आल्यापासून शपथेपर्यंतच्या आठवड्यांत नव्या अध्यक्षाने जुन्याबरोबर मंडळाच्या बैठकीला बसावं. दोन वर्षांची इतिवृत्तं, तक्रारींची नोंदवही आणि अपूर्ण राहिलेल्या आश्वासनांची यादी असलेली फाइल हस्तांतरित व्हावी, आणि तिची एक प्रत ग्रंथालयाच्या अभिलेखागारात जावी, म्हणजे कोणी ती हरवू शकणार नाही. नव्या सदस्याला वित्त समितीतच बसवावं. बहुतेक मंडळं त्याला विद्यार्थी-जीवन समितीत पाठवतात, आणि पैसा तिथे ठरत नाही. केंद्राचा मोठा निधी खर्च करणाऱ्या प्रत्येक संस्थेचं वार्षिक लेखापरीक्षण सार्वजनिक असतं. त्यातली लेखापरीक्षकांच्या आक्षेपांची पानं आधी वाचावीत. तोच आक्षेप सलग तीन वर्षं आला असेल तर तो बैठकीत वाचून दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही. खाजगी संस्थांचं कर विवरणपत्रही उघड असतं, आणि सर्वाधिक पगार कोणाला मिळतो ते त्यात दिसतं.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप टेनेसीकडून येतो. टेनेसी स्टेटमध्ये विद्यार्थी वाढले, खोल्या कमी पडल्या, मुलांना हॉटेलांत ठेवावं लागलं, लेखापरीक्षकांनी दोष काढले. २०२२ साली राज्याने इमारतींसाठी २५ कोटी डॉलर एकदाच दिले होते. पण मार्च २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अख्खं विश्वस्त मंडळ बरखास्त केलं आणि राज्यपालांनी नवं नेमलं. केंद्राच्या हिशेबाने ज्या राज्याकडे २.१ अब्ज डॉलरची थकबाकी होती, त्याच राज्याने गैरकारभाराचं कारण देऊन संस्थेची चावी हातात घेतली. ज्येष्ठ म्हणतात ते हेच: दोष दाखवाल तर शत्रूच्या हातात काठी द्याल.

पण तिथे दोष कोणी दाखवले? लेखापरीक्षकांनी आणि आमदारांनी, म्हणजे बाहेरच्यांनी. आतल्या विद्यार्थ्याला मंडळात मतच नव्हतं. खोल्यांअभावी हॉटेलात जायची वेळ ज्यांच्यावर येणार होती, त्यांचा प्रतिनिधी प्रवेशाचे आकडे ठरताना मत देऊ शकला असता, तर हा प्रश्न विधिमंडळात जायच्या आधी विद्यापीठात विचारला गेला असता. दोष दडवल्याने विधिमंडळाचा हात थांबत नाही. स्वतःच्या नोंदी, स्वतःचे आकडे आणि ते मोठ्याने सांगणारा स्वतःचा माणूस असेल तर निदान उत्तर देता येतं: गळकी इमारत आमची आहे, आणि तिच्या दुरुस्तीचे पैसे तुम्ही तीस वर्षं दिलेले नाहीत.

दुसरा आक्षेप असा की वीस वर्षांचा मुलगा मंडळाची गुप्तता पाळणार नाही. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि न्यायालयीन बाबी यांसाठी बंद सत्र असतं, आणि त्याचे नियम सर्व सदस्यांना सारखे लागू असतात. विद्यार्थ्याला स्वतःच्या हितसंबंधाच्या विषयावर, उदाहरणार्थ त्याच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीवर, मत देऊ नये म्हणता येतं, जसं बांधकाम कंपनी चालवणाऱ्या विश्वस्ताला वसतिगृहाच्या कंत्राटावर मत देता येत नाही. यासाठी एक पानाचा नियम पुरतो.

बाहेरचं जग तर या विद्यार्थ्यांना अजूनही पाहुणेच समजतं. टेक्सासमध्ये प्रेअरी व्ह्यूच्या मुलांना मतदार नोंदणीच्या वेळी वेगळी प्रश्नावली भरायला लावत, तुमची इथे मालमत्ता आहे का असं विचारत. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. तरी २००८ साली आगाऊ मतदानाच्या केंद्रापर्यंत पोहोचायला त्यांना सात मैलांहून जास्त चालत जावं लागलं, आणि हजारावर विद्यार्थी एकत्र चालत गेले. ए अँड टीच्या आवारातून २०१६ च्या नकाशाने काँग्रेस मतदारसंघाची सीमाच नेली होती. एका वसतिगृहातली मुलं एका मतदारसंघात आणि रस्त्यापलीकडची दुसऱ्यात. न्यायालयीन लढाईनंतर २०२० च्या निवडणुकीसाठी आवार पुन्हा एका मतदारसंघात आलं. राज्याच्या नकाशावर आपलं मत मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या विद्यापीठात मत नाकारण्याचं कोणतं कारण हॉवर्डच्या आणि इतर खाजगी मंडळांकडे आहे, ते त्यांनी लेखी आणि जाहीरपणे सांगावं. तोवर प्रत्येक विद्यार्थी अध्यक्षाने निवडणुकीच्या जाहीरनाम्यात पहिली मागणी हीच लिहावी: वित्त समितीत एक जागा, एक मत, आणि बैठकीच्या दहा दिवस आधी सगळे कागद.